फळीवरचं कुंकू

दादांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, शिलाई मशीन हाताचं होतं. लहानपणी आलेल्या तापात त्यांचे दोन्ही पाय गुडघ्याखाली वाळून गेले होते, त्यामुळे पायमशीन त्यांच्या कामाचं नव्हतं. उजव्या हाताने चाक फिरवायचं, डाव्या हाताने कापड सरकवायचं, आणि तोंडात टाचण्या असतानाही आमच्याशी बोलायचं, ही त्यांची पद्धत. राजुरीच्या शिवेवर आमचा मळा होता आणि मळ्यापासून चार शेतं ओलांडली की डांबरी रस्त्याचा फाटा. त्या फाट्यावर पत्र्याच्या टपरीत दादांचं दुकान होतं. हाताने पायडल मारायच्या तीनचाकी सायकलवरून ते दुकानात जायचे. तिची साखळी कुरकुरायची. संध्याकाळी ती कुरकुर लांबून ऐकू आली की आई तव्यावर भाकरी टाकायची, म्हणजे दादा दारात येईपर्यंत ती पापुद्रा धरून फुगलेली असायची. नारायणगावच्या कॉलेजला जायला लागल्यावरही मला घर म्हटलं की आधी तो आवाज आणि मग तो वास आठवायचा.

हे झालं उन्हाळ्या-हिवाळ्यातलं. पावसाळ्यात काळ्या रानातून तीनचाकी चालत नाही. चार हात गेली की चाकांना माती लपेटते आणि चाक फिरेनासं होतं. मग आई दादांना पाठुंगळी घेऊन फाट्यापर्यंत नेऊन सोडायची, आणि तेही उजाडायच्या आत, कारण कुणी बघितलेलं दादांना चालत नसे. मी मागून रिकामी तीनचाकी ढकलत न्यायची. वाटेत दादा एक शब्द बोलायचे नाहीत. टपरीत बसले, फळ्या उघडल्या, की मग त्यांचा आवाज परत यायचा. "शिंप्याला काय पाय लागत्यात व्हय?" असं गिऱ्हाइकाला हसून सांगायचे. आईचं लुगडं गुडघ्यापर्यंत चिखलाने रंगलेलं असायचं आणि ती ते घरी येऊन गुपचूप धुवायची.

मी अकरावीत होते त्या हिवाळ्यात आईने ठरवलं, हे बास झालं. शेजारच्या मळ्यात विहीर खणली होती आणि तिच्यातून निघालेल्या दगडांचा आणि मुरमाचा ढीग तसाच पडून होता. आईने तो मागून घेतला. आमच्याकडे सावड करतात, म्हणजे आज तू माझ्या रानात ये, उद्या मी तुझ्या रानात येते. आईने अख्खा हंगाम बायकांच्या कांद्यात खुरपण केलं आणि त्याच्या बदल्यात त्या रोज दुपारनंतर आमच्या वाटेवर आल्या. दगड फोडायचे, खाली मोठे रचायचे, वर खडी, तिच्यावर मुरूम, मग पाणी मारून धुमसाने ठोकायचं. धुमस म्हणजे लाकडी दांड्याचा जड ठोकळा. माझ्या तळहातांची कातडी त्याने सोलली. दादा तीनचाकीवर बसून कडेला चिंध्यांच्या चुंबळी शिवायचे. ब्लाउजचे उरलेले तुकडे, सदऱ्याच्या कडा, कुणाच्या तरी लग्नातल्या अस्तराचा हिरवा रेशमी पट्टा, सगळं गोल वळवून टीप मारून प्रत्येक बाईला डोक्यावर घमेलं ठेवायला तिची तिची चुंबळ. माझ्या चुलतीलाही एक मिळाली, कारण काकू रोज येत होती. चुलते एकदाही आले नाहीत.

चुलत्यांना आम्ही तात्या म्हणायचो. दादांचे थोरले भाऊ. घरं शेजारी शेजारी, वाट एकच. तात्यांनी त्याच्या आदल्या वर्षी ट्रॅक्टर घेतला होता आणि तेव्हापासून ते जमिनीवर पाय ठेवायला तयार नव्हते. दुकानात तंबाखू आणायला ट्रॅक्टर, काकूच्या माहेरी ट्रॅक्टर. आमचा रस्ता झाला त्या दिवशी सगळ्यात आधी त्यावरून काय गेलं असेल तर तात्यांचा ट्रॅक्टर. दादा तीनचाकीवर नवा टॉवेल टाकून तयार होऊन बसले होते, त्यांना ती कडेला घ्यावी लागली. "झ्याक झालं राव!" तात्या वरून ओरडले. मी आजही हे लिहिताना दातओठ खाते आहे.

तरी तो रस्ता झाला आणि दादांचं आयुष्य बदललं, हे खरं. त्या पावसाळ्यात ते एकही दिवस पाठुंगळी गेले नाहीत. आईने पाठ शेकायची सोडली. दादा मुद्दाम उजाडल्यावर, लोक शेतात निघाल्यावर निघायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला हात करायचे. दिवसभरात दोनदा घरी येऊन जेवून, चहा घेऊन परत जायचे, नुसतं जाता येतं म्हणून.

पुढच्या उन्हाळ्यात तात्यांनी तळ्यातला गाळ आणून रस्त्याच्या वरच्या अंगाच्या आपल्या शेतात टाकला आणि ट्रॅक्टर वळवायला अडचण होते म्हणून शेताचा बांध फोडला. दादा म्हणाले, "तात्या, बांध राहू द्या, माती खाली येईल." तात्या म्हणाले, "बघू." तात्यांचं 'बघू' म्हणजे विषय संपला. पावसाळा बेताचा गेला म्हणून निभावलं. पण नवरात्रात, सातव्या माळेला, परतीचा पाऊस असा कोसळला की तासाभरात त्या शेताचा वरचा थर उतरून रस्त्यावर आला. सकाळी पाहिलं तर रस्ता नव्हताच. फाट्यापासून घरापर्यंत वीतभर काळा लोण्यासारखा गाळ. दादांनी दारातून पाहिलं. दसरा-दिवाळी म्हणजे शिंप्याचा सुगीचा काळ. टपरीत लोकांची कापडं ढिगाने पडलेली, आणि ते दारात बसून राहिलेले. आई पदर खोचायला लागली. दादा म्हणाले, "न्हाई. आता न्हाई जायचं पाठीवर." मी त्यांना तसं कधीच बोलताना ऐकलं नव्हतं.

तात्यांना दुसरीच घाई होती. दसऱ्याला त्यांच्या पोराला बघायला मुलीकडचे पाहुणे येणार होते, जीप घेऊन. त्यांनी ट्रॅक्टरच्या मागे फळी जोडली. शेत सपाट करायचं ते लांब लोखंडी पातं, खालची कड विळ्यासारखी धारेची. दादा तीनचाकी पडवीच्या अगदी काठाला आणून म्हणाले, "तात्या, वाफसा येऊ द्या. दोन दिवस ऊन खाऊ द्या. वर पोपडा धरला की गाळ अलग निघंल, खालची खडी जागची हलायची न्हाई. आन फळी जरा उचलून धरा. बोटभर गाळ राहिला तर राहू द्या." मग त्यांनी आणखी एक सांगितलं, आणि ते मला नीट लिहायचं आहे, कारण पुढे त्याचं भलतंच झालं. ते म्हणाले, "विहिरीवरचा जुना काळा पाइप पडलाय ना, तो लांबीत चिरा आन फळीच्या धारंवर बसवा, तारंनं आवळा. आमच्या मशीनचं पाऊल बघा, गोल हाय म्हणून कापडावरनं सरकतंय. धार असती तर कापड फाडलं असतं."

तात्या हसले. वाईट हसणं नव्हतं, तेच जास्त वाईट होतं; लहान पोराला हसतात तसे हसले. "आता तू मला ट्रॅक्टर शिकीव. आरं, शिवणाऱ्यानं शिवावं." आणि वर, "ती माती माझी हाय, बोटभर बी ठेवायचो न्हाई."

नांगर घालायचा असता तर हाच माणूस ढेकूळ हातात चुरून वाफसा आलाय का ते तीनतीनदा बघायचा. आपल्या रानाला वाफसा लागतो, धाकट्या भावाच्या रस्त्याला लागत नाही. आठव्या माळेच्या दुपारी त्यांनी घराकडून सुरुवात केली आणि फळी पुरती टेकवून फाट्याच्या दिशेने ओढली. ओल्या गाळाने खडी धरून ठेवली होती. गाळ निघाला तो खडीसकट, मुरमासकट, खालचे मोठे दगडही दात पडावेत तसे उपटून आले. आणि हे सगळं कडेला पडलं कुठे, तर आमच्या कांद्याच्या रोपाच्या वाफ्यांत. लोखंड दगडावर घासल्याचा तो आवाज! आई दोन्ही कानांवर हात ठेवून आत गेली. मी ट्रॅक्टरच्या बरोबरीने चिखलातून धावत ओरडत होते, "तात्या, उचला! फळी उचला!" त्यांनी इंजिन वाढवलं. निम्मा रस्ता झाल्यावर डिझेल संपत आलं म्हणून ते थांबले. मला म्हणाले, "पोरी, एवढं काय बोंबलतीस? उद्या सकाळी उरलेला करतो. एकदम पाटीवाणी सपाट करून देतो." तळहातावरची ती जुनी कातडी मला त्या क्षणी पुन्हा झोंबली.

त्या संध्याकाळी आमच्याकडे कुणी धड जेवलं नाही. आईचा नवरात्राचा उपास होता. ताटलीतली भगर आणि दाण्याची आमटी तशीच गार झाली. देव्हाऱ्यातल्या घटावर टांगलेल्या कडाकण्या वाऱ्याने एकमेकींवर आपटत होत्या, आणि दादांचं मशीन बंद होतं. दादा रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. ते म्हणाले, "जाऊ दे. थोरला हाय." मला त्या वाक्याची चीड आली, आजही आहे. थोरला आहे म्हणून काय काय जाऊ द्यायचं, याची यादी आमच्या घरात कुणी कधी केली नाही, कारण ती संपली नसती.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आमच्याकडे त्या दिवशी नांगर, कोयते, खुरपी, सगळी औजारं धुऊन पुजतात. आणि एकदा कुंकू लागलं की दसऱ्याचं सोनं लुटेपर्यंत ते औजार हलवायचं नाही. तात्या हे कडक पाळायचे. एका वर्षी पुजलेलं खुरपं काकूने चुकून उचललं म्हणून ते तिला दिवसभर घालूनपाडून बोलले होते. त्यांचा बेत साधा होता. सकाळी आधी रस्ता उरकायचा, मग आंघोळ, मग ट्रॅक्टर धुऊन पूजा. मी त्यांच्या आधी उठले. काकू अंगणात सडा टाकत होती; ओट्यावर पूजेचं ताट तयार होतं. हळद, कुंकू, झेंडूची माळ, नारळ. मी ताट उचललं. काकूने माझ्याकडे बघितलं, मग ट्रॅक्टरकडे. हातातली बादली खाली ठेवून तिने ओचा नीट केला आणि म्हणाली, "फळीवर आधी पाणी टाक, मातीवर कुंकू लावू नये."

मी फळी धुतली. धारेत आमचीच खडी अडकली होती, ती एकेक काढली. पाच बोटं कुंकवाची ओढली, हळद वाहिली, माळ घातली, चाकांना, स्टेअरिंगला, हूडला कुंकू लावलं. मग नारळ घेतला. आमच्यात बाईमाणसाने नारळ फोडायचा नसतो. मी तो फळीच्या त्याच धारेवर आपटून फोडला. एका घावात फुटला, पाणी फळीवरून ओघळलं. त्या आवाजाने तात्या बाहेर आले, खांद्यावर टॉवेल, तोंडात मिश्री.

"काय केलंस हे?" त्यांना क्षणभर कळेचना. मग कळलं. "रांडच्ये, मुद्दाम केलंस!"

"पूजा केली. नवमी हाय."

"ही पूजा न्हाई! पोरीच्या हातची कसली पूजा? नारळ फोडलास तू!"

मी काही बोलायच्या आत काकू बोलली. तोवर माझ्या ऐकण्यात ती तात्यांसमोर 'हो' आणि 'जेवायला वाढलंय' यापलीकडे बोललेली नव्हती. बादलीशेजारीच उभी होती. म्हणाली, "पूजा न्हाई ना? मग पुसा कुंकू."

तात्यांनी टॉवेल हातात घेतला. फळीजवळ गेले. मला वाटलं, पुसतात. पण त्यांचा हात पुढे होईचना. शेवटी टॉवेल झटकून ते आत गेले आणि दिवसभर माझ्याशी, काकूशी, दादांशी, कुणाशीच बोलले नाहीत. मला कुणी शाबासकी दिली नाही. आई म्हणाली, "देवाला असं मधी आणू नये." आणत नव्हतेच मी, आई. आधी दादांनी माणसासारखं सांगून बघितलं होतं, मी गळा फाडून ओरडून बघितलं होतं. एका पांगळ्या भावाच्या आणि एका पोरीच्या शब्दाला त्या घरात खुरप्याइतकीही किंमत असती, तर मला कुंकवाला हात लावावा लागला नसता.

दसऱ्याला पाहुणे आले. काकूने मासवड्या केल्या होत्या, रश्शाचा वास अख्ख्या मळ्यात. आम्ही सगळे अंगणातून जीपकडे बघत होतो. फाट्यापासून जीप गाळातून डोलत, पण न थांबता आली, कारण गाळाखाली आमची खडी जागेवर होती. तात्यांनी खरवडलेला निम्मा भाग सुरू झाला तिथे पुढची चाकं बुडाली. ड्रायव्हरने जोर दिला तशी ती आणखी बुडाली. नवरीचा मामा पांढऱ्या पायजम्यात उतरला तो घोट्याच्या वर चिखलात. ओढायला ट्रॅक्टर समोरच होता, माळ घालून, कुंकू लावून, न हलवण्याचा. मी हसले. मोठ्याने हसले, आणि आईने मला चिमटा काढला. सोयरीक मोडली नाही, उगाच कुणाला हळहळ नको. ती मुलगी याच घरात आली आणि मामा पुढे कितीतरी वर्षं ती गोष्ट सांगून हसवायचा. संध्याकाळी तात्या सोनं द्यायला आले. दादांनी आपट्याची पानं घेतली, बसल्या बसल्या वाकून पाया पडले. माझ्यासमोर हात आला तेव्हा मी हात मागे घेतला.

दुसऱ्या दिवशी, गाळावर पोपडा धरल्यावर, तात्यांनी कुणाला न सांगता विहिरीवरचा पाइप आणला, चिरला, फळीला बसवला आणि उरलेला निम्मा रस्ता साफ केला. अलगद. खाली खडी जशीच्या तशी. आणि पुढच्या पावसाळ्यात मी राजुरीच्या बाजारात स्वतःच्या कानांनी ऐकलं, तात्या चार शेतकऱ्यांना सांगत होते, "फळीला पाइप घालायचा, ही आपली आयडिया. डोकं लागतंय राव." आयत्या पिठावर रेघोट्या ओढणं म्हणजे काय, ते मला कुणी शिकवायला नको. आजही आमच्या भागात कुणी फळीला पाइप बांधताना दिसला की मी गाडी थांबवून सांगते की ही माझ्या वडिलांची कल्पना. लोकांना मी वेडी वाटत असेन.

घराकडचा निम्मा रस्ता गेला तो गेलाच. आम्ही मायलेकींनी वाफ्यांतली माती चाळून खडी वेचली. हाताला लागली ती चिमूटभर; बाकीची चिखलात खोल रुतली होती. विहिरीचा ढीग संपला होता, सावडीच्या बायका आपापल्या हंगामात अडकल्या होत्या. त्यामुळे पुढे प्रत्येक पावसाळ्यात आई दादांना पाठुंगळी घेऊन रस्त्याच्या मधोमध, खडी जिथे सुरू होते तिथपर्यंत न्यायची आणि तिथे तीनचाकीवर बसवायची. निम्मंच अंतर, असं दादा म्हणायचे, जणू नशीबच उघडलंय. दादा गेले तोवर हे असंच चाललं. तीनचाकी अजून गोठ्यात आहे.

दादा गेल्यावर काही वर्षांनी तात्यांचे गुडघे गेले. ट्रॅक्टर पोराने चालवायला घेतला, आणि तात्या पहिल्यांदा पायी चालायला लागले, काठी घेऊन. मी तेव्हा मंचरला शाळेत शिकवत होते, रविवारी घरी यायची. त्यांचा रोजचा फेरा मी पाहायची. सून मोटारसायकलवरून खराब भागापलीकडे, खडीच्या भागात त्यांना सोडायची, आणि तिथून ते फाट्यापर्यंत जायचे, यायचे. खडी संपते तिथे थांबून घराकडे बघत उभे राहायचे, कुणी न्यायला येईपर्यंत. एका रविवारी मी तिथूनच चालले होते. ते म्हणाले, "पोरी, हितनं म्होरं लई वंगाळ हाय गं. एवढं तेवढं खडी टाकून नीट करून घे की."

मी म्हणाले, "बघू."

त्यांना समजलं असावं. खडीचा एक ट्रक मागवणं मला तेव्हा अवघड नव्हतं, आणि मी मागवला नाही. पुढच्या रविवारी आले तर आई, साठी उलटलेली, कंबरेत वाकलेली आई, डोक्यावर घमेलं घेऊन त्या जागी खडी ओतत होती. ओढ्याकाठून आणत होती म्हणे, आठवडाभर. हातभर वाट पुढे सरकलीही होती. मला इतका राग आला की हातातली पिशवी मी तिथेच टाकली. "कुणासाठी करतीस हे? त्याच्यासाठी?" आई पुन्हा ओढ्याकडे निघाली. तिच्या डोक्यावर दादांनी शिवलेली चुंबळ होती, कडेला हिरव्या रेशमी अस्तराचा पट्टा, रंग उडून गवतासारखा झालेला. थोड्या अंतरावर तात्या काठीवर हात ठेवून उभे होते आणि सगळं बघत होते.

मी आईच्या मागे गेले, घमेलं भरलं, चुंबळ तिच्या डोक्यावरून काढून माझ्या डोक्यावर ठेवली. तिला धाप लागली होती म्हणून. तात्यांसाठी नाही, हे इथे लिहून ठेवते.